आपल्या जागी बदली ठेवा : निवृत्तीनंतर आंदोलन आणि घर दोन्ही सांभाळताना

सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात मी अठरा वर्षं काढली. तिन्ही पाळ्यांची हजेरी, रजेचे अर्ज आणि रोज सकाळी गेटवर उभ्या असलेल्या बदली कामगारांची यादी, हे माझं काम होतं. रिंगफ्रेमवरची, म्हणजे सूत कातायच्या मशीनवरची बाई आली नाही की यादीतल्या पहिल्या बदलीचं नाव पुकारायचं. ती आत गेली की मशीन चालू. बदली नेमल्याशिवाय कोणाची रजा मंजूर होत नसे, साहेबाची ओळख असली तरी.

२०१४ च्या एप्रिलमध्ये गिरणी बंद पडली. २०१६ ला मला अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि पेन्शन सुरू झाली, महिन्याला १,६७१ रुपये. चूक झाली असेल म्हणून मी स्वतः हिशेब करून पाहिला. पेन्शनपात्र पगार ६,५००, गुणिले नोकरीची १८ वर्षं, भागिले ७०. उत्तर तेच आलं. ईपीएस-९५, म्हणजे पीएफ कापल्या जाणाऱ्या कामगारांची १९९५ ची पेन्शन योजना, तिचं सूत्रच तसं आहे. किमान पेन्शन १,००० रुपये ठरली ती सप्टेंबर २०१४ मध्ये, आणि मी हे लिहीत असतानाही ती तेवढीच आहे. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या समितीने २०१३ सालीच किमान ३,००० रुपयांची शिफारस केली होती. आम्हा पेन्शनधारकांची मागणी ७,५०० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता, शिवाय नवरा-बायको दोघांना मोफत उपचार अशी आहे.

बुलढाण्यात २४ डिसेंबर २०१८ पासून आमचं साखळी उपोषण सुरू झालं. मी चिखलीची. एसटीने पाऊण तासाचा रस्ता. पहिल्याच आठवड्यात मी जाऊन बसले आणि पुढचे कित्येक महिने घराकडे माझं जितकं लक्ष असायला हवं होतं तितकं नव्हतं. तिथून पुढे जे शिकले ते इथे लिहिते आहे. तुमचा प्रश्न पेन्शनचा असेल, पाण्याचा असेल, महामार्गात गेलेल्या जमिनीचा असेल. साठीनंतर एखाद्या लढ्यात उतरलेल्या माणसाच्या घरी अडचणी साधारण सारख्याच असतात.

आधी घरचा हजेरीपट करा

२०१९ च्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वय चौऱ्याऐंशी. दिवसातून चार वेळा थेंब टाकायचे होते. मी निघाले की त्या ओट्यावरून विचारायच्या, "आज कोठी चालली वं? डोयात थेंब कोन टाकते मंग?" मी म्हणायची, "हे आहेत ना घरी." यांना मात्र वाटत होतं की मी सकाळीच टाकून गेले आहे आणि रात्री येऊन पुन्हा टाकते. दुपारचे दोन थेंब सलग दोन दिवस कोणीच टाकले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी डोळा लाल झाला, पाणी वाहायला लागलं. लगेच डॉक्टरकडे नेलं म्हणून डोळा वाचला. डॉक्टर मला रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "थेंबांची जबाबदारी एकाची असावी."

त्या रात्री मला झोप आली नाही. अठरा वर्षं मी दुसऱ्यांच्या जागी बदली नेमल्या होत्या आणि स्वतःच्या घरात हे काम नुसतं हवेवर सोडलं होतं. "हे आहेत ना घरी" म्हणजे नेमणूक होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या रजिस्टरसारखी एक वही आखली. तुम्हीही पहिलं काम हेच करा. घरात तुम्ही रोज, आठवड्याला आणि महिन्याला जे जे करता ते सगळं लिहून काढा. लिहिताना लाजू नका, लहान काम म्हणून वगळू नका. माझ्या यादीत चौदा कामं निघाली. सासूबाईंची सकाळची आणि रात्रीची गोळी, नळ येईल त्या दिवशी टाक्या भरणं (आमच्याकडे पाणी रोज येत नाही, आणि येतं तेव्हा तासभरच), गॅसचा नंबर लावणं, दुधाचा हिशेब, यांची शुगर तपासणी, शेतावर माणसं असली की त्यांचा डबा, आणि असंच. प्रत्येक कामासमोर दोन रकाने केले. एक नाव काम करणाराचं, दुसरं बदलीचं. चौदापैकी नऊ कामांसमोर दुसरा रकाना रिकामा राहिला.

तो भरायला मला महिना लागला. यांना मोबाइलवरून गॅसचा नंबर लावायला शिकवलं. शेजारच्या मुलीने नळाचं काम घेतलं, बदल्यात मी तिच्या लहान्याला संध्याकाळी तासभर सांभाळते. सासूबाईंच्या गोळ्यांसाठी सात खणांची प्लास्टिकची डबी आणली. खण रिकामा दिसला की गोळी दिली गेली, विचारायची गरजच राहत नाही. थेंबांच्या बाटलीला कागद बांधला, त्यावर चार रेघा, टाकला की खूण.

मग एक नियम ठरला. ज्या दिवशी एखाद्या कामाची बदली मिळणार नाही, त्या दिवशी मी घराबाहेर पडणार नाही, मंडपात कोणीही येणार असलं तरी.

हा नियम घरातल्यांसमोर मोठ्याने बोलून दाखवा. आमच्या यांनी तेव्हा एकच सांगितलं, "तू जा, पन मले सांगून जा." चार एकर शेती करणारा माणूस आहे, जास्त बोलत नाही. त्या एका वाक्यात कित्येक महिन्यांचं साचलेलं होतं. नवऱ्याचा किंवा बायकोचा विरोध बहुतेक वेळा आंदोलनाला नसतो, आपण कधी असणार आणि कधी नसणार हे कळत नाही याचा त्रास असतो. म्हणून दिवस ठरवून टाका. माझा मंगळवार बुलढाण्याचा. गुरुवारी सकाळी दहा ते एक घरच्या ओसरीवर. बाकी पाच दिवस घरचे. फोनवरचं काम संध्याकाळी सात ते आठ. आठनंतर ग्रुपवर काय चाललंय ते सकाळी बघते.

ओसरीवरचं काम कमी समजू नका

रस्त्यावर बसणं म्हणजेच आंदोलन असं ज्यांना वाटतं, त्यांची घरं लवकर थकतात आणि तेही थकतात. माझा गुरुवार मला मंगळवाराइतकाच महत्त्वाचा आहे.

गुरुवारी पेन्शनधारक कागद घेऊन येतात. कोणाचं जीवन प्रमाणपत्र, म्हणजे हयातीचा दाखला, संपलेलं असतं, कोणाच्या नावात आधारवर वेगळं आणि पेन्शनच्या आदेशावर वेगळं असतं. बोटांचे ठसे झिजलेले असतील तर चेहरा दाखवून मोबाइलवर प्रमाणपत्र होतं. ते करताना म्हातारा माणूस उजेडाकडे तोंड करून बसला पाहिजे, चष्मा काढायचा आणि पापणी लववायची. पहिल्यांदा होत नाही, तिसऱ्यांदा होतं. ईपीएस-९५ वाल्यांनी एक लक्षात ठेवावं. हे प्रमाणपत्र वर्षात कधीही देता येतं आणि दिल्यापासून बारा महिने चालतं. नोव्हेंबरची घाई सरकारी पेन्शनवाल्यांची. मी माझं जूनमध्ये करते, पेरणीच्या आधी, म्हणजे दिवाळीच्या सुमारास ही धावपळ डोक्यावर राहत नाही.

माहिती अधिकाराचे अर्जही ओसरीवरच लिहिले जातात. केंद्राच्या कार्यालयाला अर्ज असेल तर दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावायची, मजकूर पाचशे शब्दांच्या आत ठेवायचा आणि मत मागायचं नाही, कागद मागायचा. 'माझी पेन्शन कमी का आहे' असं विचारलं की उत्तर येत नाही. 'माझ्या पेन्शनच्या हिशेबाच्या कागदाची प्रत द्यावी' असं लिहिलं की येतं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवायची, नाहीतर सणासुदीत अपिलाची मुदत निघून जाते. माझी एकदा गेली होती.

गुडघे दुखणारा, घरी आजारी माणूस असलेला, सुनेच्या बाळंतपणात अडकलेला, अशा प्रत्येकाला हे काम देता येतं. आमच्यातल्या एक बाई तर अंथरुणावरून फक्त फोन करतात. कोणाची पेन्शन आली, कोणाची अडली, कोण गेलं. त्यांची वही आमच्यात सर्वांत नीट आहे.

कॅलेंडर आलं की आधी घरचे दिवस

नवं कालनिर्णय घरात आलं की आम्ही दोघं पेन घेऊन बसतो. हा क्रम बदलू देऊ नका. आधी घरचे दिवस, मग दवाखान्याचे, मग आंदोलनाचे. उलटं केलं तर घराच्या वाट्याला उरलेलं येतं.

आमच्याकडे महालक्ष्म्यांचे तीन दिवस कोणीही हलवू शकत नाही. फुलोरा, आंबील, सोळा भाज्या, आणि घरात माणसं. पोळा यांचा. सोयाबीनच्या सोंगणीचे आठ-दहा दिवस मी बुलढाण्याला जातच नाही, कारण मजूर सकाळी सातला येतात आणि डबा वेळेवर गेला पाहिजे. पेरणीचंही तसंच. नातीचा वाढदिवस. मे महिन्यात मुलगा आणि सून पुण्याहून येतात ते दहा दिवस. हे सगळं हिरव्या पेनने.

मग आंदोलनाचा हंगाम बघायचा. आमचा प्रश्न केंद्राचा, त्यामुळे संसदेची अधिवेशनं महत्त्वाची. १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प असतो, म्हणून जानेवारीत जोर लागतो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन. तुमचा प्रश्न राज्याचा असेल तर डिसेंबरात नागपूर. तिथे मोर्चा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला किंवा टेकडी रोडवर अडवतात, धरणं यशवंत स्टेडियमजवळ, हे माहीत असलं की कोणी किती चालायचं ते आधी ठरवता येतं. प्रश्न गावचा असेल तर ग्रामसभेच्या तारखा ठरलेल्या असतात : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. १ मेला बहुतेकांच्या घरी पाहुणे आणि लग्नं असतात. त्या दिवशी कोण ग्रामसभेत बसणार आणि कोण लग्नाला जाणार हे एप्रिलमध्येच वाटून घ्या. ग्रामसभा चुकवू नये, आणि भाचीचं लग्नही चुकवू नये. सगळ्यांनी दोन्हीकडे जायची गरज नसते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही मंडपातला भोंगा बंद ठेवतो. परीक्षा असतात. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकऱ्यांचा लाँग मार्च १८० किलोमीटर चालत मुंबईत आला, तेव्हा दहावीच्या मुलांना त्रास नको म्हणून ती माणसं रात्रीतून आझाद मैदानाकडे चालत गेली. दिवसभर चाललेले पाय होते ते. मी टीव्हीवर बघत होते आणि मला रडू आलं. लोकांच्या घरातलं लेकरू आपल्या हिशेबात असलं की लोकही आपल्याला हिशेबात धरतात, हे मी तेव्हा पाहिलं.

साखळीत बसायचं ते कसं

साखळी उपोषणाचं शहाणपण नावातच आहे. आज मी बसते, उद्या दुसरी, परवा तिसरा. एक जण एकच दिवस. म्हणून ते वर्षानुवर्षं चालतं. हमालांचे नेते बाबा आढाव नोव्हेंबर २०२४ मध्ये, वय चौऱ्याण्णव असताना, पुण्याच्या फुले वाड्यात उपोषणाला बसले, त्या माणसाची गोष्ट वेगळी, आयुष्यभराची तयारी होती ती. आपण आपलं शरीर ओळखून बसावं.

इन्सुलिन घेणाऱ्याने उपोषण करूच नये. त्याने शेजारी पाठिंब्याला बसावं, जेवणाच्या वेळी बाजूला जाऊन जेवून यावं. मंडपात हे सगळ्यांदेखत सांगून ठेवावं, म्हणजे कोणी भिडेपोटी उपाशी राहत नाही. बीपीची गोळी उपोषणाच्या दिवशी घ्यायची की नाही हे शेजारच्याला विचारू नका, आपल्या डॉक्टरला आदल्या दिवशी विचारा. मी बसते त्या दिवशी आदल्या रात्री आठला नीट जेवते, ज्वारीची भाकरी आणि वरण, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडताना आधी लिंबूपाणी, मग अर्ध्या तासाने मऊ खिचडी.

बायकांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण कोणी लिहीत नाही. मंडपाजवळ संडास नसतो म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. सकाळपासून एक घोट नाही. मला यामुळे दोनदा लघवीचा संसर्ग झाला आणि दोन्ही वेळा आठ दिवस घर यांनी सांभाळलं. आता मी मंडपाची जागा ठरताना पहिला प्रश्न तोच विचारते. जवळ एखादं घर, दुकान, सरकारी कार्यालय, कुठे जाता येईल? ते आधी ठरल्याशिवाय बायकांची पाळी लावायची नाही. एकदा विचारल्यावर पुरुषांनीही मनावर घेतलं. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने मागची किल्ली देऊन ठेवली आहे.

मोर्चाची पिशवी

माझी पिशवी दाराच्या खुंटीला भरून टांगलेली असते. दोन दिवसांच्या गोळ्या मूळ पाकिटासकट, नाव दिसेल अशा. आधारची झेरॉक्स. गुळाचे खडे. ओढणीवजा पातळ चादर, कारण दिल्लीत डिसेंबरात जंतरमंतरवर संध्याकाळी थंडी हाडात जाते. छोटी सतरंजी. पाण्याची बाटली. आणि एक कागद, ज्यावर यांचा, मुलाचा, डॉक्टरचा आणि गटप्रमुखाचा नंबर हाताने लिहिलेला. फोनची बॅटरी दुपारीच संपते, आणि पोलीस गाडीत बसल्यावर चार्जर शोधत बसायला वेळ नसतो.

पोलिसांचं थोडं सांगते, कारण घरच्यांची सगळ्यात मोठी भीती तीच असते. परवानगीचा अर्ज आधी द्या, भोंग्याचा वेगळा द्या, आणि पोच घ्या. जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश लागू आहे का ते विचारा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली तो वरचेवर निघतो. पूर्वी ज्याला आपण एकशे चव्वेचाळीस म्हणायचो, ते १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत कलम १६३ झालं आहे. मोर्चातून गाडीत घालून नेतात आणि संध्याकाळी सोडतात, तेव्हा ती बहुतेक वेळा पोलीस अधिनियमाच्या कलम ६८-६९ ची कारवाई असते, म्हणजे ताब्यात घेतलं आणि सोडून दिलं. गुन्हा दाखल होणं ही वेगळी गोष्ट. काय केलंय ते तिथेच विचारा आणि वहीत लिहून ठेवा. कोर्टात खटला चालू असेल तर पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी लागते. ज्यांची मुलं परदेशात आहेत आणि नातवंडांना भेटायला जायचं आहे, त्यांनी कुठल्या दिवशी पुढच्या रांगेत उभं राहायचं हे याचा विचार करून ठरवावं. त्यात कमीपणा नाही. आणि सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते, हे प्रत्येक बाईला तोंडपाठ पाहिजे.

मी पहिल्यांदा ताब्यात गेले तेव्हा यांना गावातल्या तिसऱ्याच माणसाकडून कळलं. आता ज्या दिवशी तसं होण्यासारखं असतं, त्या दिवशी मी आदल्या रात्रीच सांगते : "उद्या संध्याकाळी सहापर्यंत फोन लागला नाही तर गटप्रमुखाला करा, तोपर्यंत काळजी करू नका." हे नेहमी पाठांतरासारखं तेच वाक्य असतं. यांना त्यानेच बरं वाटतं.

सुट्टी आणि आंदोलन एका तिकिटावर करू नका

हे मी केलं आणि यांना दुखावलं, म्हणून सविस्तर सांगते.

दिल्लीच्या धरण्याला जायचं होतं. मलकापूरहून भुसावळ, तिथून दिल्लीची गाडी. मी यांना म्हटलं, तुम्हीही चला, दोन दिवस धरणं, मग मथुरा-वृंदावन करून येऊ. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती आणि आम्ही दोघंच असे कुठे गेलो नव्हतो. यांनी नवीन स्वेटर घेतला. सोयाबीन विकल्याचे पैसे वेगळे काढून ठेवले.

धरणं दोनाचं तीन दिवस झालं. कोणीतरी मोठ्या अधिकाऱ्याची भेट मिळणार म्हणाले, मी थांबले. चौथ्या दिवशी आम्ही मथुरेला पोचलो तेव्हा माझा घसा बसला होता, अंगात ताप होता. हे एकटेच देवळात जाऊन आले आणि माझ्यासाठी पेढ्यांचा पुडा घेऊन आले. संध्याकाळी धर्मशाळेच्या खाटेवर बसून त्यांनी तो पुडा उघडला, एक पेढा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "यमुना लई मोठी नाही वं आता." तेवढंच. मला तो पेढा गिळवला नाही. ज्या यमुनेसाठी ते चाळीस वर्षं थांबले होते ती त्यांनी एकट्याने बघितली होती.

तेव्हापासून सहल म्हणजे सहल. तिकीट वेगळं, पैसे वेगळे, पिशवीसुद्धा वेगळी. पुढच्या वर्षी आम्ही गणपतीपुळ्याला गेलो, चार दिवस. निघायच्या आदल्या मंगळवारी मी ग्रुपवर लिहिलं की शनिवारपर्यंत मी नाही, माझ्या जागी अमुक बाई बघतील, आणि ग्रुपचा आवाज बंद केला. बदलीचं नाव न लिहिता आवाज बंद केला तर डोकं तिकडेच राहतं. लिहिलं की मोकळं होतं. यांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तासभर नुसते उभे होते, आणि मी शेजारी उभी होते.

मुलांकडे जाऊन राहायचं असेल तर आता एक सोय झाली आहे. १ जानेवारी २०२५ पासून ईपीएसची पेन्शन देशात कुठल्याही बँकेतल्या खात्यात येऊ शकते, त्यामुळे पेन्शनसाठी गाव धरून बसावं लागत नाही. मी पुण्यात नातीजवळ महिना राहून आले. तिथे मी फक्त गुरुवारचं फोनचं काम केलं, तेही ती शाळेत असताना.

घरातलेच वेगळ्या मताचे असतात तेव्हा

माझा धाकटा भाऊ एका पक्षाचा जुना कार्यकर्ता. त्याला वाटतं, आम्ही त्याच्या पक्षाला त्रास देतो. एका साखरपुड्यात आमची पंगतीतच जुंपली आणि मुलीकडच्यांसमोर वहिनीला मान खाली घालावी लागली. दुसऱ्या दिवशी मी जाऊन वहिनीची माफी मागितली, भावाची नंतर.

आता आमच्यात ठरलं आहे. लग्न, बारसं, तेरवी, सण या ठिकाणी विषय काढायचा नाही आणि निघाला तर मी उठून वाढायला लागते. निवेदनावर सह्या कार्यात घ्यायच्या नाहीत. माणूस भिडेने सही करतो आणि मनात राग धरतो. बोलायचंच असेल तर भाऊ माझ्याकडे एखाद्या गुरुवारी येतो. ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांना १,१००, १,४०० रुपये मिळतात हे त्याने स्वतः पाहिलं, तेव्हापासून तो वाद घालत नाही. पक्ष सोडलेला नाही, मी सांगितलंही नाही. परवा त्याच्या ओळखीने तलाठ्याकडचं एका बाईचं काम झालं.

पैशाचं थोडक्यात. माझी वर्गणी आणि प्रवास मिळून महिन्याला तीनशे रुपये, माझ्या पेन्शनमधून. शेतीच्या पैशाला हात लावायचा नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत, त्यामुळे भागतं. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत २०२० पासून गेली, म्हणून दिल्ली वर्षातून एकदाच.

लांबची रजा

२०२३ मध्ये सासूबाई न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. मी चार महिने घराबाहेर पडले नाही. तेव्हा कळलं की मंडपातल्या माझ्या कामांसमोरही बदलीचा रकाना हवा होता. पाळ्या कोणाला कशा लावायच्या, मंडपवाल्याचे पैसे कधी द्यायचे, कोणत्या पोलीस ठाण्यात अर्ज कोण घेतं, हे सगळं माझ्याच डोक्यात होतं. पहिले पंधरा दिवस मला दिवसाला वीस फोन आले, आणि इकडे सासूबाईंची कूस बदलायची वेळ व्हायची.

मग मी एका दुपारी बसून सगळं वहीत उतरवलं आणि ती वही दोघींना दिली, एकीला नाही. एकीच्या घरी काही झालं तर दुसरी असते. महिनाभरात फोन थांबले. पाच महिन्यांनी मी परत गेले तेव्हा पाळ्यांचा तक्ता त्यांनी माझ्यापेक्षा सोपा केला होता, गाववार, म्हणजे एका गावचे लोक एकाच दिवशी एका गाडीने येतात. मी तो तसाच ठेवला. तुमचंही काम आज, बरे असताना, वहीत उतरवा. रुग्णालयाच्या बाकावर बसून ते होत नाही.

परत आल्यावर

मंगळवारी मी सातच्या आत घरी असते. पिशवी खुंटीला लावते, हातपाय धुते, सासूबाईंजवळ दोन मिनिटं बसते. मंडपात कोण आलं, कोण काय बोललं, पेपरवाल्याने फोटो घेतला की नाही, हे सगळं जिभेवर असतं, पण मी आधी बोलत नाही. चहा ठेवते आणि यांना विचारते, आज काय काय झालं.

परवाच्या मंगळवारी हे सांगायला लागले की न्हाणीतल्या नळाचं वॉशर गेलं होतं. चिखलीत दोन दुकानं पालथी घातली, तिसऱ्यात मिळालं, तेही अर्धा इंची नाही म्हणून कापून बसवावं लागलं. मग गायीला बरं नाही का वाटलं म्हणून डॉक्टरला फोन केला, पण तसं काही नव्हतं. चहा गार झाला, मी पुन्हा गरम केला. मग ते म्हणाले, "तुमचं काय झालं आज? किती जन होते?"

"एकवीस," मी म्हटलं, "आणि पुढच्या मंगळवारी उंद्रीचे येणार आहेत."

"पुढच्या मंगळवारी सोंगणी आहे."

मी उठून कॅलेंडर बघितलं. हिरव्या पेनने लिहिलेलं होतं. तिथूनच बदलीला फोन लावला.